सुकुमार राय आणि त्यांचा अजब प्राणिसंग्रह

स्मरणिकेसाठी काय काय लिहिता येईल याची जी यादी संपादक मंडळाने पाठवली, तिच्यात शाळेच्या आठवणी होत्या, प्रवासवर्णन होते, कविता होत्या आणि अगदी शेवटी ‘एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय’ होता. आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आहेत. म्हणून मी शेवटचा विषय घेतला.

ही व्यक्ती म्हणजे सुकुमार राय. बंगालबाहेर त्यांची ओळख बहुतेक वेळा सत्यजित रे यांचे वडील अशी करून द्यावी लागते. बंगालमध्ये याच्या उलट आहे. तिथल्या मुलांना सत्यजित रे यांचे सिनेमे कळायच्या कितीतरी आधी सुकुमार रायांचे प्राणी भेटलेले असतात. हे प्राणी कुठल्याही प्राणिसंग्रहालयात सापडत नाहीत. तरीही, लहान मुलांना प्राण्यांबद्दलचे विज्ञान शिकवायला त्यांच्याइतके उपयोगी प्राणी क्वचितच असतील असे मला वाटते. आपल्यातल्या काही जणी आज प्राथमिक शाळेत शिकवतात, ज्यांनी आपल्याला शिकवले ते सर आणि बाई हे वाचणार आहेत, आणि बाकीच्यांच्या घरात किंवा शेजारी पहिली-दुसरीतले एखादे पोर असतेच. म्हणून हा माणूस आपल्या कामाचा आहे.

सुकुमार राय यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ चा, कलकत्त्याचा. घराणे मूळचे मैमनसिंह जिल्ह्यातल्या मसुआ गावचे. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रक. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, चित्रेही स्वतः काढली. पण त्या काळच्या लाकडी ठशांवरून ती छापली गेली तेव्हा अगदी ओबडधोबड उमटली. दुसरा कोणी प्रकाशकाशी भांडून गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी विलायतेहून यंत्रे आणि पुस्तके मागवली, घरच्या घरी हाफटोन छपाईचा अभ्यास केला आणि १८९५ मध्ये ब्लॉक बनवण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. त्यांचे या विषयावरचे लेख पुढे लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येऊ लागले.

हाफटोन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण ते या घराच्या पाणी-मिठासारखे होते. छपाईच्या यंत्राला काळे आणि पांढरे एवढेच कळते, करडे कळत नाही. मग फोटोतली सावली कशी छापायची? बारीक जाळीतून फोटो घेऊन त्याचे हजारो ठिपके करायचे. गडद जागी ठिपके मोठे, उजळ जागी लहान. दुरून पाहिले की डोळा ते सगळे मिसळून टाकतो आणि आपल्याला करडा रंग दिसतो. आज आपल्या मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे चित्रही ठिपक्यांचेच असते. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे ही कल्पना रोजच्या सवयीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एका घरात मुले ती जेवताखाता ऐकत होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

आई विधुमुखी या ब्राह्मो सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी गांगुली याच घरात राहत. आपल्या आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेतली ते १८८६ साल. त्याच वर्षी कादंबिनी कलकत्त्यात डॉक्टर झाल्या. रवींद्रनाथ ठाकूर आणि जगदीशचंद्र बोस हे उपेंद्रकिशोरांचे स्नेही. थोरल्या बहिणीचे आणि सुकुमारचे घरगुती नाव हासी आणि ताता. ही नावे रवींद्रनाथांच्या ‘राजर्षि’ कादंबरीतली.

या घरातल्या लहान ताताबद्दल त्याच्या बहिणीने, पुण्यलता चक्रवर्ती यांनी, आपल्या बालपणाच्या आठवणींत सुंदर लिहून ठेवले आहे. वडिलांच्या जाडजूड पुस्तकातली प्राण्यांची चित्रे दाखवत तो भावंडांना गोष्टी सांगायचा. खरे प्राणी संपले की मनातले सुरू व्हायचे. एक होता भवंदोला, लठ्ठ आणि डुलत चालणारा. एक मंतुपाइन, जो आपली बारीक मान पिळून तिची गाठ मारून ठेवायचा. आणि एक गोल तोंडाचा कंपू, जो अंधाऱ्या व्हरांड्यातल्या खिळ्याला वटवाघळासारखा लटकायचा. प्रत्येकाचा आकार ठरलेला आणि त्या आकाराला साजेशी चालही ठरलेली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. उपेंद्रकिशोरांनी १९०३ मध्ये मुलांसाठी ‘सेकालेर कथा’ हे पुस्तक काढले, ते पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राचीन प्राण्यांबद्दल होते. म्हणजे जे आज नाहीत पण खरोखर होते, आणि जे कधीच नव्हते पण असते तर मजा आली असती, असे दोन्ही प्रकारचे प्राणी या घरात एकत्र नांदत होते.

सुकुमारची पहिली कविता ‘मुकुल’ मासिकात छापून आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे दोन्ही विषय घेऊन १९०६ मध्ये ते पदवीधर झाले. तो काळ असा, की तिथे जगदीशचंद्र बोस भौतिकशास्त्राचे आणि प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. याच सुमारास त्यांनी ‘नॉनसेन्स क्लब’ काढला. नाटके लिहिली, बसवली आणि ‘साडेबत्तीस भाजा’ नावाचे हस्तलिखित मासिक चालवले. भाजलेल्या-तळलेल्या चिजांचे मिश्रण फेरीवाले विकत, त्यावरून हे नाव.

१९११ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले. आधी लंडनला आणि मग मँचेस्टरच्या तंत्रशाळेत त्यांनी छायाचित्रण आणि छपाईचे तंत्र शिकून घेतले. वडिलांप्रमाणे त्यांचेही लेख ‘पेनरोज’ वार्षिकात आले. पुढे १९२२ मध्ये ते रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे फेलो झाले. एकूण काय, तर ते पेशाने आपल्या भाषेत सांगायचे झाले तर इंजिनिअर होते. मापे, भिंगे, रसायने, कागद आणि शाई हा त्यांचा रोजचा व्यवहार होता.

ते इंग्लंडात असतानाच, १९१३ मध्ये, उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी ‘संदेश’ हे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे निरोपही आणि मिठाईही. त्याच वर्षी सुकुमार परतले, डिसेंबरात सुप्रभा दास यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि ते ‘संदेश’साठी लिहू लागले, चित्रे काढू लागले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कुठेही घेतले नव्हते. १९१५ च्या डिसेंबरात वडील गेले. गारपार रोडवरचे घर, त्यातच असलेला छापखाना, कर्ज, धाकटी भावंडे आणि मासिकाचे संपादन असे सगळे अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमारांवर आले.

यापुढची आठ वर्षे हे त्यांचे खरे काम. ‘संदेश’च्या पानांवर त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी चालवल्या. एका पानावर खरे विज्ञान. गोरिला, देवमासा, पक्ष्यांची घरटी, टोळ, लाखो वर्षांपूर्वीचे प्राणी, जमिनीखालून धावणारी लंडनची रेल्वे, गॅलिलिओ, आर्किमिडीज, पाश्चर. भाषा सोपी, गप्पा मारल्यासारखी, पण माहिती नेमकी. आणि दुसऱ्या पानावर कविता, जिच्यात काहीही घडू शकते. ही दोन पाने त्यांनी कधी एकमेकांत मिसळली नाहीत. माहितीच्या लेखात थाप नाही आणि कवितेत उपदेश नाही. मला त्यांच्या कामातली ही शिस्त सगळ्यात मोठी वाटते.

१९१५ च्या सुरुवातीला ‘संदेश’मध्ये ‘खिचुडी’ नावाची कविता आली. खिचुडी म्हणजे आपली खिचडी. हिच्यात प्राण्यांची खिचडी आहे. बंगालीत हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर. दोघे मिळून झाला हाँसजारू. बक म्हणजे बगळा आणि कच्छप म्हणजे कासव. दोघांचा झाला बकच्छप. हाथी आणि तिमी, म्हणजे हत्ती आणि देवमासा, यांचा हातिमी. सिंह आणि हरिण यांचा सिंहरिण. पोपटाच्या तोंडाचा सरडा आहे, जिराफाला टोळाचे अंग आहे, विंचवाच्या मानेवर बोकड बसला आहे. प्रत्येकाचे चित्र सुकुमारांनी इतक्या गंभीरपणे काढले आहे की तो प्राणी कुणीतरी जंगलात पाहून आला असावा असे वाटावे.

नावे कशी जोडली आहेत ते पाहा. पहिल्या शब्दाचे शेवटचे अक्षर आणि दुसऱ्याचे पहिले अक्षर एकच असले की दोन्ही शब्द एकमेकांत सहज सरकतात. शब्द जोडणे इतके सोपे असते. पण कविता तिथे थांबत नाही. नावे जुळली, आता शरीरे जुळतात का, हा प्रश्न ती विचारते. हातिमीतला देवमासा म्हणतो समुद्राकडे चला, हत्ती म्हणतो जंगलात चला. जिराफाला मैदानात फिरण्यात रस उरत नाही, त्याला टोळासारखे उडावेसे वाटते. पोपटाच्या तोंडाच्या सरड्यापुढे तर मोठाच पेच आहे, की आता किडे खायचे की हिरव्या मिरच्या?

या मिरचीवर मुले हसतात. ती का हसतात याचा विचार केला की सगळी गंमत कळते. सरडा किडे खातो हे माहीत नसेल, पोपटाला मिरची आवडते हे माहीत नसेल, तर यात हसण्यासारखे काहीच नाही. हसू येण्यासाठी आधी दोन खऱ्या गोष्टी माहीत असाव्या लागतात. म्हणजे मुलाचे हसणे हीच त्याची परीक्षा, आणि तीही पेपर न काढता, मार्क न देता घेतलेली. जो हसला नाही त्याला काय माहीत नाही हेही बाईंना तत्क्षणी कळते.

आणि मूल हसले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पोपटाला मिरची तिखट लागत नाही का? लागत नाही. मिरचीतल्या ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते, त्याची जाणीव आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना होते, पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जवळजवळ होत नाही. पक्षी मिरची खातात, बिया विष्ठेतून दूर दूर पडतात, तिथे नवे झाड उगवते. मिरचीच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा आहे. उंदरासारख्या प्राण्याने त्याच बिया चावून खाल्ल्या असत्या तर त्या वाया गेल्या असत्या. पोपटाच्या तोंडाच्या एका खोट्या सरड्यापासून आपण झाडांच्या बीजप्रसारापर्यंत येऊन पोचलो, आणि वाटेत एकही व्याख्या पाठ करावी लागली नाही.

प्राण्याचे शरीर म्हणजे सुट्या भागांचा ढीग नव्हे, हे विज्ञानातले मोठे सूत्र आहे. दात, जबडा, पोट, पाय, पंजे यांचे एकमेकांशी नाते असते. फ्रान्सचे शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच सूत्रावर प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास उभा केला. मांस फाडणारे दात असतील तर पायाला खूर असणार नाहीत, भक्ष्य पकडणारे पंजे असतील. सुकुमारांच्या ‘किंभूत’ या कवितेतला प्राणी हे सूत्र उलट बाजूने शिकवतो. त्याला कोकिळेचा गळा हवा, पक्ष्याचे पंख हवेत, हत्तीचे सुळे हवेत, कांगारूचे पाय, सिंहाची आयाळ आणि घोरपडीची शेपटी हवी. सगळे मिळते. मग तो रडत बसतो, कारण आता तो हत्ती नाही, पक्षी नाही, कांगारू नाही, कुणीच नाही. दुसरीतल्या मुलाला हे ऐकवले तर प्राण्यांचे वर्गीकरण का करतात हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

‘ट्यांश गोरू’ नावाची आणखी एक कविता आहे. हा गोरू, म्हणजे गाय, मुळात गाय नाहीच, पक्षी आहे, आणि तो एका कचेरीत दिसतो. कवितेत त्याचे रूप, स्वभाव आणि आहार अगदी क्रमाने दिला आहे. साबणाचे सूप आणि मेणबत्ती एवढेच तो खातो. निसर्गाचा अभ्यासक एखाद्या प्राण्याची वहीत जशी नोंद करतो तशी ही नोंद आहे, फक्त प्राणी खोटा. ‘हजबरल’ या त्यांच्या गोष्टीत व्याकरण शिंग नावाचा बी. ए. झालेला बोकड आहे. बोकड काय खातो आणि काय खात नाही यावर तो भाषण ठोकतो, कारण बोकड वाट्टेल ते खातो या अफवेने त्याची अब्रू गेलेली असते. हेशोराम हुशियार या शिकाऱ्याच्या डायरीत प्राण्यांना हँग्लाथेरियम, गोमराथेरियम, चिल्लानोसोरस, बेचाराथेरियम अशी नावे आहेत. हँग्ला म्हणजे खादाड, गोमरा म्हणजे तोंड फुगवून बसलेला. बाकी दोन आपल्याला अर्थ सांगितल्याशिवाय कळतात. थेरियम म्हणजे श्वापद आणि सोरस म्हणजे सरडा, हे शेपूट खऱ्या शास्त्रीय नावांतले आहे. डायनोसोरच्या नावांना घाबरणारी मुले ही नावे ऐकली की स्वतःच नवी नावे पाडू लागतात आणि खऱ्या नावांची भीती जाते.

माझा स्वतःचा आवडता प्राणी ‘हुँकोमुखो हँग्ला’. याला दोन शेपट्या आहेत आणि त्याची काळजी एकच आहे. माशी उजवीकडे बसली तर या शेपटीने मारीन, डावीकडे बसली तर त्या शेपटीने मारीन, पण अगदी मधोमध बसली तर? या काळजीने त्याचे हसणे बंद झाले आहे. मी रोज जे काम करते त्यातला निम्मा वेळ ही मधली माशी शोधण्यात जातो. उजवे आणि डावे सगळ्यांनाच सुचते. कॉलेजातून नव्याने आलेली मुले सांगितलेले काम झटपट करतात, पण मधल्या माशीबद्दल विचारणारे त्यांच्यात फार थोडे असतात. ही सवय पंचविसाव्या वर्षी लावणे कठीण जाते. सहाव्या वर्षी ती हसत हसत लागते.

सुकुमारांचे मित्रमंडळही याच वृत्तीचे होते. त्यांच्या ‘मंडे क्लब’मध्ये भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी होते, पुढे कलकत्त्याची सांख्यिकी संस्था उभी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस होते. क्लबच्या सभांची निमंत्रणे सुकुमार पद्यात लिहीत आणि स्वतःच्या छापखान्यात छापून पाठवत. खाण्यापिण्याची रेलचेल असे, म्हणून लोक त्याला ‘मंडा क्लब’ म्हणू लागले. मंडा ही तिकडची एक मिठाई.

१९२१ च्या मे महिन्यात सत्यजितचा जन्म झाला आणि त्याच वर्षी सुकुमारांना काळाआजार जडला. हा रोग एका इवल्याशा वाळूमाशीच्या चावण्यातून पसरतो. तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हते. दुखणे अडीच वर्षे चालले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते ‘संदेश’चे काम करत राहिले. ‘हजबरल’ आणि हेशोरामची डायरी ही याच काळातली. आजवरच्या कवितांतून निवड करून ‘आबोल ताबोल’ या संग्रहाची मांडणी, चित्रे आणि मुखपृष्ठ त्यांनी स्वतः तयार केले. रवींद्रनाथ भेटायला आले आणि सुकुमारांच्या इच्छेखातर त्यांनी उशाशी बसून गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार गेले. वय पुरते छत्तीसही नव्हते. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, ‘आबोल ताबोल’ प्रसिद्ध झाले. छापील पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही.

यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. काळाआजारावरचे औषध त्याच कलकत्त्यात तयार होत होते. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कँपबेल वैद्यकीय शाळेच्या रुग्णालयातल्या एका लहानशा खोलीत १९२० मध्ये युरिया स्टिबामाइन बनवले आणि १९२२ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचा सर्रास वापर सुरू झाला तो नंतर. त्या औषधाने पुढे लाखो माणसे वाचली. ज्या माणसाने मुलांना पाश्चरची गोष्ट सांगितली, त्याच्यापर्यंत विज्ञान पोचायला थोडासा उशीर झाला.

मागे राहिल्या सुप्रभाबाई आणि अडीच वर्षांचाही न झालेला मुलगा. काही वर्षांतच व्यवसाय बुडाला, गारपारचे घर आणि छापखाना हातचे गेले, ‘संदेश’ बंद पडले. सुप्रभाबाई भावाकडे राहिल्या, विधवांसाठीच्या शाळेत शिवणकाम शिकवून त्यांनी मुलाला वाढवले. वडील कसे होते ते सत्यजितना फारसे आठवतच नव्हते. त्यांना ते भेटले ते ‘संदेश’च्या जुन्या अंकांतून. १९६१ मध्ये सत्यजितनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले आणि १९८७ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, वडिलांवर माहितीपट केला.

१९६१ हेच साल आपल्याकडे विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ या बालकवितासंग्रहाचे. म्हणजे मराठीत असे काही नाहीच असे म्हणायला जागा नाही. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे शेणाचे ही गोष्ट तर आपण सगळ्यांनी बोलता येऊ लागल्यापासून ऐकली. पाऊस आला, शेण वाहून गेले, मेण राहिले; पाण्यात काय विरघळते आणि काय नाही, याचा तो आपला पहिला धडा होता. त्या गोष्टीनंतर फक्त एक पाऊल पुढे टाकायचे राहते. खऱ्या चिमणीचे घर कशाचे असते, चला बघून येऊ, एवढे म्हणायचे.

सुकुमारांची युक्ती मराठीत करून पाहायला मला फार मजा आली. सिंहरीण आपल्याकडेही जसेच्या तसे चालते. शिवाय मगर आणि गरुड यांचा मगरुड. बदक आणि कासव यांचा बदकासव. ससा आणि सारस यांचा ससारस. मोर आणि रेडा यांचा मोरेडा. वर्गात मुलांना असे प्राणी बनवायला सांगावे, चित्र काढायला सांगावे आणि मग प्रत्येक प्राण्याला पाच प्रश्न विचारावेत. हा राहतो कुठे? खातो काय, आणि ते खायला तोंड तसे आहे का? अंगावर काय आहे, पिसे, केस, खवले की कवच? पिल्ले कशी होतात, अंड्यातून की आईच्या पोटातून? आणि याला कोण खातो?

बदकासवाचे घ्या. बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो, पोहायला बरा. पिसांना तेलकट लेप असतो, पाणी चिकटत नाही. पण पाठीवर कवच आले की उडणे संपले. अंडी दोघेही घालतात, तिथे भांडण नाही. मात्र बदक अंड्यांवर बसून ऊब देते आणि कासवीण वाळूत पुरून निघून जाते. मग बदकासव काय करील? या एका प्रश्नावर दुसरीचा वर्ग अर्धा तास भांडेल, आणि त्या अर्ध्या तासात पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्यातला फरक मुले स्वतःच मांडतील.

खोट्या प्राण्यांनी मुलांचा गोंधळ उडेल अशी शंका काही जणांना येईल. ती रास्त आहे, आणि तिच्यावरचा उपाय सुकुमारांनीच दाखवून ठेवला आहे. कविता संपली की पान उलटायचे आणि खऱ्या प्राण्याची नेमकी माहिती द्यायची. दोन्ही एकाच अंकात, पण वेगवेगळ्या पानांवर. शेवटी मुलांना प्लॅटिपसचे चित्र दाखवावे. बदकासारखी चोच, अंगावर दाट केस, अंडी घालणारा आणि पिल्लांना दूध पाजणारा. ऑस्ट्रेलियातून त्याचे कातडे १७९९ च्या सुमारास इंग्लंडात पोचले तेव्हा कुणीतरी दोन प्राणी शिवून फसवले असावे असा संशय शास्त्रज्ञांना आला होता. त्यांनी काय केले हे मुलांना जरूर सांगावे. ते नुसते हसून थांबले नाहीत, चोच खरेच शिवलेली आहे का ते त्यांनी बारकाईने तपासून पाहिले.

‘आबोल ताबोल’ला २०२३ मध्ये शंभर वर्षे झाली. कुठल्याही बंगाली घरात विचारा, आजीपासून नातवापर्यंत कुणालाही त्यातल्या दोन-चार कविता तोंडपाठ असतात. सत्यजित रे यांनी स्वतः केलेले त्यातल्या काही कवितांचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. आपल्या बॅचतर्फे शाळेच्या प्राथमिक विभागाच्या वाचनालयाला पुस्तके द्यायची असे ठरते आहे. त्या यादीत ‘राणीची बाग’ आणि सुकुमार राय शेजारी शेजारी असावेत, आणि त्यांच्या मागोमाग प्राण्यांची खरी, चांगल्या चित्रांची दोन पुस्तके असावीत, अशी माझी सूचना आहे. आपल्यातल्या ज्या शिकवतात त्यांनी एखाद्या शनिवारी मगरुड किंवा बदकासव वर्गात सोडून पाहावा आणि मुलांनी काय काय विचारले ते सगळ्यांना कळवावे. मी तरी वाट पाहीन.